विश्लेषण : समुद्रापासून ५०० किलोमीटरवर घरात ‘समुद्र’ कसा उभा राहतो? ‘ॲक्वेरियम’ घरोघरी नेणाऱ्या फिलिप गॉस यांची कहाणी काय सांगते?

पोहरादेवीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. पण मोबाइलवर प्रवाळ, समुद्रफुले आणि नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशने भरलेल्या काचेच्या टाक्यांचे व्हिडीओ पाहण्यासाठी किनाऱ्यावर राहावे लागत नाही. अशी छोटी ‘रीफ टँक’ आपल्या घरात होईल का, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या हौशी माणसालाही पडू शकतो. उत्तर होकारार्थी आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी हे उत्तर प्रथम सोप्या कृतीच्या रूपात मांडले ते फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने, १८५४ मध्ये. काचेच्या टाकीतला समतोल त्यांनी लोकांना शिकवला. मात्र त्यांच्याच पुस्तकांमुळे किनाऱ्याचा समतोल बिघडला, आणि तेही त्यांना आयुष्यातच पाहावे लागले. घरी रीफ टँक करू इच्छिणाऱ्याने त्यांच्या आयुष्याचे हे दोन्ही भाग समजून घेतले पाहिजेत.

पोहरादेवीचा आणि समुद्राचा संबंध काय?

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले. रेल्वे येण्याआधीच्या काळात बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. किनाऱ्यावरचे मीठ अशा तांड्यांमुळे आतल्या मुलखात पोहोचत असे.

या व्यापारात एक साधे शहाणपण होते. समुद्राचे पाणी वाहून नेणे परवडत नाही, पण त्यातले मीठ नेता येते. पाणी जिथे पोहोचू तिथले वापरायचे. घरातल्या समुद्री टाकीचा पाया हाच आहे आणि गॉस यांनी लंडनमध्ये नेमके हेच केले.

गॉस कोण होते?

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील थॉमस गॉस गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवत. कमाई बेताची आणि अनिश्चित होती. मुलाचे बालपण पूल या बंदरगावात गेले. तिथे त्यांच्या आत्याने, सुसान बेल यांनी, त्यांना खडकांवरची समुद्रफुले ओळखायला शिकवली आणि ती भांड्यात समुद्राचे पाणी घालून ठेवता येतात हे दाखवले. पुढच्या सगळ्या उद्योगाचे बीज त्या भांड्यात होते.

घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण लवकर सुटले. वयाच्या १७ व्या वर्षी, १८२७ मध्ये, ते न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर येथे एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेले. १८३२ मध्ये जुन्या पुस्तकांच्या विक्रीत सूक्ष्मदर्शकावरचे एक पुस्तक त्यांच्या हाती लागले आणि निसर्गाचा अभ्यास हेच जीवनकार्य ठरले. त्याच सुमारास त्यांचा धार्मिक ओढाही पक्का झाला. या दोन गोष्टी शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिल्या आणि पुढे एकमेकींना भिडल्या.

१८३५ मध्ये त्यांनी कॅनडात कॉम्प्टन येथे शेती घेतली. तीन वर्षांत ती फसली. मग अमेरिकेतील अलाबामामध्ये मळेवाल्यांच्या मुलांना शिकवले, पण तिथली गुलामगिरी पाहून मन रमले नाही. १८३९ मध्ये ते जवळपास रिकाम्या खिशाने इंग्लंडला परतले. सोबत कॅनडातील निसर्गावरच्या पुस्तकाचे हस्तलिखित होते. ते १८४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि लेखक म्हणून त्यांची वाट सुरू झाली.

१८४४ ते १८४६ या काळात ते जमैकात पक्षी, कीटक आणि वनस्पती गोळा करत होते. तेथील न्यायाधीश आणि निसर्गप्रेमी रिचर्ड हिल यांनी त्यांना मोलाची मदत केली. जमैकातील पक्ष्यांवरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर गॉस यांनी हिल यांचे नाव आवर्जून दिले. १८४८ मध्ये धार्मिक पुस्तिकांच्या लेखिका एमिली बोज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवसाच्या रोजनिशीत मुलाच्या जन्माच्या नोंदीलगतच जमैकाहून आलेल्या एका पाकोळीची नोंद आहे. कामात बुडालेल्या या माणसाचा स्वभाव त्यावरून कळतो.

ते समुद्राकडे कसे वळले?

सततच्या लेखनाने प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ च्या सुरुवातीला गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. ओहोटीच्या वेळी ते हातोडी-छिन्नी घेऊन खडकांत उतरत. समुद्रफूल ओढून काढले तर त्याचा तळ फाटतो. म्हणून ज्या खडकाला ते चिकटले आहे त्याचा तुकडाच ते छिन्नीने सोडवत आणि घरी पाण्यात ठेवत.

मेलेला प्राणी दारूत बुडवून ठेवण्याची तेव्हा पद्धत होती. गॉस यांना जिवंत प्राणी कसा खातो, कसा हलतो, कसा वाढतो हे पाहायचे होते. त्यासाठी प्राणी आठवडेच नव्हे, तर महिनोन् महिने जगायला हवे होते. इथे खरी अडचण सुरू झाली. भांड्यातले पाणी दोन-चार दिवसांत नासत होते.

त्यांच्या आधी कोणी प्रयत्न केले होते?

होय, आणि त्यांतले दोन महत्त्वाचे प्रयत्न स्त्रियांचे होते. फ्रान्सच्या ग्रामीण भागात जन्मलेल्या आणि शिवणकामावर पोट भरलेल्या जान व्हिलप्रू-पॉवर यांनी सिसिलीतील मेसिना येथे १८३२ च्या सुमारास अष्टपादाच्या जवळच्या एका शंखधारी प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या बनवल्या.

लंडनच्या ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथून दगडी प्रवाळ जिवंत स्थितीत लंडनला नेले. समुद्राचे पाणी संपले तेव्हा त्यांनी मोलकरणीकरवी तेच पाणी उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतवून घेतले, म्हणजे त्यात हवा मिसळावी. पुढे त्यात समुद्री शेवाळ घातले. असे करून त्यांनी प्रवाळ जवळपास तीन वर्षे जगवले. घरात प्रवाळ पाळण्याचे हे फार जुने उदाहरण आहे. थिन यांची निरीक्षणे १८५९ मध्ये छापली गेली, ती गॉस यांच्या टिपणांसह.

तिसरे नाव रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचे. १८५० मध्ये त्यांनी गोड्या पाण्याच्या टाकीबाबत दाखवून दिले की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचे प्रमाण जमले तर पाणी टिकते. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगाई कुजलेली पाने खातात. गॉस यांनी हेच तत्त्व खाऱ्या पाण्याला लावले.

‘ॲक्वेरियम’ हा शब्द कसा रूढ झाला?

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी ‘फिश हाऊस’ उघडले. जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय म्हणून त्याची नोंद होते. तेथे समुद्री जीव पुरवणाऱ्यांत गॉस अग्रभागी होते. अशा टाक्यांना तेव्हा वेगवेगळी अवजड नावे होती. बागकामात पाणवनस्पतींच्या कुंडाला वापरला जाणारा ‘ॲक्वेरियम’ हा सुटसुटीत शब्द गॉस यांनी उचलला आणि १८५४ मध्ये त्याच नावाचे पुस्तक काढले. चित्रे त्यांनी स्वतः रंगवली होती.

पुस्तक हातोहात खपले. काळही अनुकूल होता. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वेमुळे शहरातले कुटुंब सुटीत किनारा गाठू शकत होते. दिवाणखान्यात समुद्री टाकी असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

समुद्राशिवाय समुद्राचे पाणी कसे तयार केले?

लंडनमध्ये ताजे समुद्राचे पाणी मिळवणे खर्चिक होते. गॉस यांनी समुद्राच्या पाण्याचे उपलब्ध रासायनिक पृथक्करण घेतले आणि अत्यल्प प्रमाणातले क्षार वगळले. उरले चार : साधे मीठ, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. आजच्या मापात सांगायचे तर साडेचार लिटरपेक्षा किंचित कमी पाण्यात सुमारे १०० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. या पाण्यात त्यांनी आधी शेवाळ धरलेले दगड ठेवले आणि काही दिवसांनी प्राणी सोडले. ते जगले.

याचा अर्थ मोठा होता. समुद्र आता कोरड्या पुडीत बांधून कुठेही नेता येत होता.

तीच कृती आज वापरता येईल का?

नाही. गॉस यांनी वगळलेल्या क्षारांत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे क्षार होते. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. लंडनच्या नळाचे पाणी मुळातच चुनखडीमुळे जड होते, त्यामुळे ही उणीव काही अंशी झाकली गेली असणार. शिवाय त्यांच्या टाकीत प्रामुख्याने समुद्रफुले होती. त्यांना दगडी सांगाडा नसतो.

आज बाजारात ‘रीफ सॉल्ट’ म्हणून तयार मिश्रण मिळते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म घटक मोजून घातलेले असतात. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिश्रण लागते. क्षारता दर हजारी ३५, म्हणजे सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६ असावी. ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी, अंदाजाने ठरवू नये. स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ मुळीच वापरू नये.

दुसरा मुद्दा पाण्याचा. बोअरवेलच्या पाण्यात क्षार आणि अनेक ठिकाणी नायट्रेट असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून मीठ मिसळण्यासाठी आरओ आणि त्यापुढे डीआय फिल्टरमधून आलेले, टीडीएस शून्याजवळ असलेले पाणी घ्यावे. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिशेब आधी करायला हवा. ते पाणी फरशी पुसायला आणि शौचालयाला वापरता येते.

पाणी तयार झाले की लगेच मासे सोडावेत का?

बहुतेक टाक्या इथेच फसतात. गॉस यांनी दगड आधी आणि प्राणी नंतर ठेवले, ते अनुभवातून. त्यामागचे पूर्ण कारण त्यांच्या काळात ठाऊक नव्हते. पाणी नासते ते प्राणवायू संपल्यामुळे, असे तेव्हा मानले जाई. प्रत्यक्षात माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. दगड व वाळूवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. असे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले, म्हणजे गॉस यांच्या निधनानंतर.

ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत फक्त कोरडे सच्छिद्र दगड, वाळू, खारे पाणी, हीटर आणि पाणी फिरवणारा पंप असावा. चिमूटभर मत्स्यखाद्य टाकले की अमोनिया तयार होऊन चक्र सुरू होते. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की आधी गोगलगाई, मग एखादा मासा. मऊ, चिवट जातीचे प्रवाळ त्यानंतर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी.

नवशिक्याने ८० ते १०० लिटरची टाकी घ्यावी. फार लहान टाकीत चूक सावरायला वेळ मिळत नाही. १०० लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी पुरे. टाकीचे पाणी, दगड आणि काच मिळून वजन सव्वाशे किलोच्या पुढे जाते, म्हणून स्टँड भक्कम आणि जमीन समतल हवी.

विदर्भाच्या उन्हाळ्यात हे टिकेल का?

गॉस यांच्या टाकीला थंड समुद्राचे प्राणी होते. त्यांना प्रखर उजेडाची गरज नव्हती. उष्ण कटिबंधातील प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न तेच बनवते, म्हणून त्याला चांगला एलईडी प्रकाश लागतो. तापमान मात्र २४ ते २६ अंशांत राहावे लागते. पाणी बराच काळ त्यापेक्षा बरेच तापले तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो.

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तिथे हे सोपे नाही. पाण्यावर पंखा लावला तर माठाच्या तत्त्वाने, बाष्पीभवनाने, पाणी काही अंश थंड होते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. पण त्याच खोलीत वॉटर कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग घटतो. भर उन्हाळ्यासाठी चिलर किंवा एसी असलेली खोली लागेल हे धरूनच खर्चाचा विचार करावा.

बाष्पीभवनाचा दुसरा परिणाम क्षारतेवर होतो. पाणी उडते, मीठ उडत नाही. १०० लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडाले आणि दहा दिवस भरले नाही, तर ३५ ची क्षारता जवळपास ४४ होते. म्हणून टाकीवर पातळीची खूण करून रोज फक्त गोडे आरओ पाणी भरावे. खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे. आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलले की छोट्या टाकीतले मऊ प्रवाळ सहसा नीट राहतात. दगडी प्रवाळ ठेवायचे तर कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच अशी नियमित मोजत राहावी लागते.

वीज गेली की पंप थांबतो आणि गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप किंवा इन्व्हर्टरची जोडणी पहिल्या दिवसापासून हवी. ॲना थिन यांच्या घरी जे काम हाताने होत होते, तेच हा पंप करतो.

१८५७ हे वर्ष गॉस यांच्यासाठी निर्णायक का ठरले?

१८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. औपचारिक पदवी नसलेल्या माजी कारकुनासाठी हा मोठा सन्मान होता. चार्ल्स डार्विन त्यांना पत्रे लिहून सागरी जिवांबद्दल विचारणा करत. पण फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली यांचे स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. शेवटचे महिने वेदनादायी उपचारांत गेले होते. सात वर्षांच्या एडमंडला घेऊन गॉस त्याच वर्षी डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहायला गेले.

त्याच वर्षी त्यांनी ‘ओम्फॅलॉस’ हे पुस्तक काढले. खडकांचे थर पृथ्वीचे वय प्रचंड असल्याचे दाखवत होते. ते धर्मग्रंथाशी जुळत नव्हते. गॉस यांनी तोडगा मांडला की सृष्टी निर्माण झाली तीच आधीच्या काळाच्या खुणांसह. श्रद्धा आणि विज्ञान दोन्ही बाजू आपले आभार मानतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्हीकडून उपेक्षा आणि टीका झाली. दोन वर्षांनी डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला आणि गॉस त्या चर्चेतून बाजूला पडले.

तरी काम थांबले नाही. १८५८ ते १८६० दरम्यान त्यांनी ब्रिटनमधील समुद्रफुले आणि प्रवाळांवरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. तो अभ्यासकांनी दीर्घकाळ वापरला. १८६० मध्ये त्यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि घर पुन्हा सावरले.

किनाऱ्यांचे काय झाले?

गॉस यांची पुस्तके केवळ वर्णने नव्हती. कुठल्या खाडीत, कुठल्या ओहोटीला, कुठल्या खडकाखाली काय सापडते आणि ते कसे सोडवायचे, हे त्यांत होते. वाचक तेच पुस्तक, बादली आणि छिन्नी घेऊन किनाऱ्यावर पोहोचले. एका अभ्यासकाने चार तुकडे काढणे वेगळे आणि हजारोंनी काढणे वेगळे. त्यातच विक्रेते उतरले आणि पोत्यांनी माल उचलला गेला. घरी नेलेले बहुतेक प्राणी थोड्या दिवसांत मरत आणि नवे आणायला पुन्हा किनारा गाठला जाई.

१८६० च्या दशकात ही लाट ओसरली. टाक्या माळ्यावर गेल्या. मात्र डेव्हनच्या खडकांतली जी डबकी गॉस यांनी रंगांनी भरलेली पाहिली होती, ती उजाड झाली. पुढे लेखक आणि समीक्षक म्हणून नावारूपाला आलेल्या एडमंड यांनी १९०७ मध्ये वडिलांच्या आणि आपल्या संबंधांवर पुस्तक लिहिले. हा विनाश वडिलांनी पाहिला आणि त्यांना तो फार लागला, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. लोकांना सृष्टीचे कौतुक वाटावे म्हणून सुरू केलेल्या कामाचा हा शेवट त्यांना अपेक्षित नव्हता.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत का? ते आणता येतात का?

प्रवाळ आहेत. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती ते आढळतात आणि तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळ पठार आहे. त्याचे नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून आले. मुंबईतही हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामात त्यांतले काही हलवून दुसरीकडे लावण्यात आले.

मात्र तेथून तुकडाही उचलता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश आहे. वाघाला असलेले संरक्षणच त्यांना आहे. सहलीत किनाऱ्यावरून आणलेला जिवंत प्रवाळ हा गुन्हा ठरतो. समुद्रातून काढलेले ‘लाइव्ह रॉक’ही टाळावेत. भट्टीत भाजलेले सिरॅमिक किंवा कोरडे दगड तेच काम करतात. विक्रेत्याकडून काही घेताना ते टाकीत वाढवलेले आहे का आणि त्याची कागदपत्रे आहेत का, हे विचारावे. शंका असल्यास वन विभागाकडे चौकशी करावी.

गॉस यांचे अखेरचे दिवस कसे गेले?

सेंट मेरीचर्चच्या घरी त्यांनी ऑर्किड वाढवले, सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर या अतिसूक्ष्म जलचरांचा अभ्यास केला आणि १८८६ मध्ये चार्ल्स हडसन यांच्यासोबतचा त्यावरचा ग्रंथ पूर्ण झाला. उतारवयात त्यांना आकाशनिरीक्षणाचीही ओढ लागली. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या हौशी माणसाने यातून काय घ्यावे?

गॉस यांनी दिलेले तत्त्व अजून लागू आहे : प्राणी थोडे, पाणी मोजलेले आणि घाई नाही. त्यांची चूकही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेलेल्या प्राण्याच्या जागी लगेच दुसरा आणला तर टाकी भरलेली दिसते, पण कारण तसेच राहते आणि नुकसान समुद्राचे होते. मासा मेला तर आधी पाणी तपासावे, चूक शोधावी आणि मगच पुढचा विचार करावा. रोजची पाच-दहा मिनिटे, आठवड्याचे पाणी बदलणे आणि उन्हाळ्याची सोय यांची तयारी नसेल, तर गोड्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

गॉस यांना प्रत्येक जीव खडकातून सोडवूनच आणावा लागत होता. आज पोहरादेवीत टाकी लावणाऱ्याला मीठ पाकिटात मिळते, पाणी आरओतून, दगड भट्टीतून आणि मऊ प्रवाळ दुसऱ्या टाकीत वाढलेल्या तुकड्यातून. किनाऱ्यावरून काहीही न उचलता ही हौस करता येते.